गुप्त खिडकीचा ठराव

"बाई, वहीत नाव लिहायलाच पाहिजे काय?"

वृषाली पेन हातात धरून उभी होती. वही तिच्यापुढं उघडी.

"लिहायलाच पाहिजे," मी म्हटलं. "नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. आमदार आले तरी लिहायला लावीन."

"अर्ध्या तासाचं तर काम आहे."

"अर्ध्या मिनिटाचं असलं तरी."

मग तिनं लिहिलं. सौ. वृषाली संग्राम इंगवले, सव्वाअकरा. अक्षर चांगलं होतं तिचं, ठसठशीत. लांबून वाचता येईल असं.

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. गडहिंग्लजच्या आमच्या वाचनालयात मी तेव्हा ग्रंथपाल होते. माझं नाव इंदुमती कुरणे, पण सगळा गाव मला नुसतं बाई म्हणायचा आणि थोडा घाबरायचाही. घाबरायलाच पाहिजे होतं. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की मी चारचौघांत बोलायची. वाचकांसाठी इंटरनेटचा एकच कॉम्प्युटर होता, तो माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला, आणि त्याची ती वही ही माझीच कल्पना. रांगेवरून भांडणं व्हायची म्हणून मी ती सुरू केली, तांबड्या शाईनं स्वतः रकाने आखले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या वहीचं कौतुक केलं होतं आणि ते मी महिनाभर सांगत फिरले होते.

वृषाली ही आमच्या वाचनालयाचे कार्यवाह दत्ताजीराव इंगवले यांची सून. इंगवल्यांचं हार्डवेअरचं मोठं दुकान. पोरगी नर्सिंग शिकलेली, चांगल्या मार्कांनी पास झालेली. लग्न ठरवताना हे लोक म्हणाले होते, नोकरीचं बघू की. त्या 'बघू'ला चार वर्षं झाली होती. सासूची पुस्तकं बदलायला म्हणून ती दर सोमवारी यायची, तेवढंच तिचं घराबाहेर पडणं.

त्या सोमवारी वीसएक मिनिटांनी तिनं एक कागद छापायला टाकला. प्रिंटर माझ्या टेबलावर. कागद बाहेर आला तेव्हा नको म्हटलं तरी मला दिसलाच. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याचं मुलाखतीचं पत्र होतं. परिचारिका पदासाठी. शुक्रवारी सकाळी अकरा.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग खुर्ची ओढून जवळ बसली.

"घरात कुणालाच सांगितलेलं नाही, बाई. ह्यांनासुद्धा नाही. शुक्रवारी आईला बरं नाही म्हणून माहेरी जाते म्हणणार. सातची एसटी धरली की नऊ-सव्वानऊला कोल्हापूर. निवड झाली की मग बोलायचं. हातात ऑर्डर असली की बोलायला जरा बळ येतं."

"आणि राहणार कुठं?"

"तेच बघत होते आत्ता. नोकरी करणाऱ्या बायकांची हॉस्टेल्स. रोज जाऊन-येऊन नाही जमायचं, ड्युट्या असतात." मग म्हणाली, "ह्या वर्षी वयात बसते. पुढच्या वर्षी नाही बसणार. ही शेवटचीच."

"जा तू निवांत," मी म्हटलं. "या वाचनालयात कोण काय वाचतंय ते बावीस वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही. एकदा एक बाप येऊन उभा राहिला इथं, माझी मुलगी कसली पुस्तकं नेते ते दाखवा म्हणून. मी म्हटलं, मुलगी तुमची आहे, तिला विचारा. कार्डाला हात लावू दिला नाही मी त्याला."

ती हसली. पत्र घडी घालून सासूच्या पाककृतींच्या पुस्तकात ठेवलं, वहीत जायची वेळ लिहिली, पावणेबारा, आणि गेली.

आता इथं मला त्या ब्राउझरचं सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण त्यावरून झालं.

आमच्या वाचनालयात तांबोळीसाहेब म्हणून एक सभासद होते. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, सकाळी पहिले यायचे आणि चष्मा कपाळावर ठेवून सगळ्या वर्तमानपत्रांतल्या चुका काढायचे. त्या सोमवारच्या तीन आठवडे आधी ते त्या कॉम्प्युटरवर बसले आणि पाच मिनिटांत उठून माझ्याकडं आले.

"बाई, या मशीनवर काल-परवा कुणीतरी मूळव्याधीचं औषध शोधलंय. बरोबर?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत झालं की. मी पावसाचा अंदाज बघायला बसलो, तर तिन्ही बाजूंनी मूळव्याधच मूळव्याध. असला कसला ब्राउझर ठेवलाय तुम्ही?"

मला तेव्हा ब्राउझर म्हणजे इंटरनेट एवढंच ठाऊक होतं. तांबोळीसाहेबांनी मला बसवून समजावलं. इंटरनेट ही बाहेरची दुनिया, ब्राउझर ही तिच्याकडं बघायची खिडकी. खिडक्या बऱ्याच मिळतात, सगळ्या फुकट. पण काही खिडक्या अशा, की तुम्ही बाहेर बघताय आणि बाहेरचे तुमच्या घरात बघतायत. तुम्ही काय शोधलं, कुठं थांबलात, सगळं टिपून ठेवतात आणि त्यावरून जाहिराती लावतात. ज्याची माहिती त्यालाच दाखवली तर एक वेळ ठीक. पण इथं दिवसाला वीस माणसं एकाच खुर्चीवर बसतात, आणि त्या बिचाऱ्या मशीनला वाटतं हा एकच माणूस आहे.

"म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याला दिसतं," मी म्हटलं.

"आता कळलं तुम्हाला."

त्यांनी एका चिठ्ठीवर मला तीन ब्राउझरांची नावं लिहून दिली. पहिला चांगला, पण जाहिराती अडवायला त्यात वेगळं काहीतरी जोडावं लागतं. दुसरा स्वतःच जाहिराती अडवतो, पण आपल्याच काही जाहिराती पुढं करतो, त्या बंद करायच्या. तिसऱ्यात अशी सोय करता येते की खिडकी बंद केली की आत झालेलं सगळं पुसलं जातं, पुढच्या माणसाला पाटी कोरी. वाचनालयाला तिसराच बरा, असं आमच्या दोघांचं ठरलं. आणि तो बसवेपर्यंत, ते म्हणाले, आहे त्याच ब्राउझरमध्ये गुप्त विंडो असते, ती तरी वापरा.

मला तो शब्दच आवडला नाही. गुप्त म्हटलं की एसटी स्टँडच्या मुतारीवरच्या जाहिराती डोळ्यांपुढं येतात.

"खासगी म्हणा की," मी म्हटलं.

"मी कशाला म्हणू? त्या मशीनवर लिहिलंय तसं."

तो ब्राउझर मी त्याच दिवशी बसवू शकले असते. दहा मिनिटांचं काम. पण मी पडले नियमाची बाई. वाचनालयात झाडू बदलायचा तरी ठराव लागतो. मी महिन्याच्या सभेत विषय मांडला, आणि दत्ताजीरावांनी नेमका तोच शब्द उचलला.

"गुप्त? कुरणेबाई, सार्वजनिक वाचनालय आहे हे. इथं गुप्त असं काय चालतं?"

"वाचकांचं खासगी—"

"ज्याला लपवायचं नाही त्याला कशाला पाहिजे गुप्त खिडकी? उद्या पोरंटोरं नको ते बघत बसतील, मग गाव आमच्या तोंडात शेण घालेल. चाललंय ते चालू दे. पुढचा विषय घ्या."

सगळे हसले. खजिनदार तर डोळे पुसायला लागला इतका हसला. माझा असा पाणउतारा त्या सभेत कधी झाला नव्हता. मी इतिवृत्त लिहीत होते, आणि माझ्याच हातानं मला लिहावं लागलं, विषय नामंजूर. तेव्हापासून दत्ताजीराव दिसले की माझं डोकं तापायचं.

तर तो सोमवार. वृषाली गेली आणि बाराच्या ठोक्याला दत्ताजीराव आले. हे त्यांचं रोजचं. दुकानातून जेवायला घरी जाताना वाटेत वाचनालय, कॉम्प्युटरवर सळईचा भाव बघायचा, एखादी बातमी वाचायची, मी काही चुकतेय का ते बघायचं, आणि जायचं. वहीत ते कधी नाव लिहीत नसत. कार्यवाहांना मी तेवढी सूट दिली होती. आमदारांचं मघाशी उगीच बोलले.

ते बसले. मी पुस्तकांवर नंबर घालत होते.

"कुरणेबाई."

मी मान वर केली.

"इकडं या जरा. हा काय प्रकार आहे?"

मी गेले. सळईच्या भावाचं पान उघडलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जाहिराती. नोकरी करणाऱ्या महिलांसाठी सुरक्षित हॉस्टेल, कोल्हापूर. परिचारिका पाहिजेत, लगेच अर्ज करा. दत्ताजीरावांनी दुसरं पान उघडलं, बातम्यांचं. तिथंही तेच. गुलाबी भिंतींची खोली, दोन कॉट, एक हसणारी पोरगी.

"बघितलंत? जिथं जाईल तिथं लेडीज हॉस्टेल. कुणाचं आहे हे हॉस्टेल?"

"मला काय ठाऊक?"

"तुम्हाला नाही तर कुणाला? वाचनालयाच्या मशीनवर जाहिराती लावायला परवानगी कुणी दिली? ठराव कुठं आहे?"

पहिल्यांदा मला कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग लक्षात आलं. त्यांना वाटत होतं, गावातल्या केबलवर खाली पट्टी फिरते, साड्यांचा सेल नाहीतर क्लासेसची जाहिरात, ती केबलवाला पैसे घेऊन लावतो, तशीच ही मी लावली. वर्तमानपत्र म्हणा, केबल म्हणा, त्यांनी जन्मभर बघितलेली जाहिरात गावभर एकच असायची. माणूस बघून बदलणारी जाहिरात त्यांच्या डोक्यातच नव्हती.

"मी नाही लावल्या," मी म्हटलं.

"मग आपोआप आल्या? बाई, मी धंदेवाला माणूस आहे. फुकट कोण कुणाची जाहिरात करत नाही. कुणाकडून किती ठरलंय ते सांगा, आणि सभेपुढं ठेवा. नाहीतर मला ठेवावं लागेल."

रीडिंग रूममध्ये आठ-दहा माणसं होती. सगळ्यांनी पेपर खाली घेतले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं. वाचनालयाचं एक पेन मी घरी नेलं नव्हतं. दिवाळीत रद्दीवाला मिठाई घेऊन आला तर त्याला दारातून परत पाठवलेली बाई मी, आणि हा माणूस मला चारचौघांत दलाली खाल्लीस म्हणतोय. आणि तेही कशावरून, तर ज्या गोष्टीसाठी मी सभेत हात जोडले होते आणि ह्यानंच हसण्यावारी नेली होती, त्याच गोष्टीवरून. माझा आवाज चढला.

"दत्ताजीराव, बसा. उठू नका. आज तुम्हाला समजून घ्यावंच लागेल."

"काय समजून घ्यायचंय?"

"या जाहिराती मी लावलेल्या नाहीत. कुणीच लावलेल्या नाहीत. हा तुमचा लाडका ब्राउझर लावतो. मी सभेत सांगत होते तेव्हा तुम्ही दात काढत होता. ऐका आता. या खुर्चीत बसून माणूस जे शोधतो ते हा टिपून ठेवतो, आणि पुढं त्याच्याच जाहिराती दाखवत बसतो. खुर्चीतला माणूस बदलला तरी त्याला कळत नाही. तुम्ही सळई बघितली, आता तुमच्यानंतर जो बसेल त्याला सळई दिसेल, सिमेंट दिसेल. आधीच्यानं औषध शोधलं तर तुम्हाला औषध दिसतं. कळलं?"

"म्हणजे हे हॉस्टेल—"

"म्हणजे हे हॉस्टेल तुमच्याआधी जो बसला होता त्यानं शोधलं. साधी गोष्ट आहे. ह्यात माझा काय संबंध? कसली दलाली आणि कसला ठराव?"

मला अजून माझा तो आवाज ऐकू येतो. शाळेत फळ्यापुढं उभं राहून बोलावं तसा, चांगला खणखणीत. रीडिंग रूममधली माणसं माना डोलवत होती. कुणीतरी म्हणालं, बाईंचं बरोबर आहे. मला आणखी जोर आला.

दत्ताजीरावांनी थोडा वेळ पडद्याकडं बघितलं. मग टेबलावरची वही आपल्याकडं ओढून घेतली, आणि सावकाश वाचली. त्यांना कुठलीही गोष्ट सावकाशच वाचायची सवय होती, बिलंसुद्धा.

"पटलं का आता?" मी विचारलं.

हो, मी विचारलं हे. कमरेवर हात ठेवून.

"पटलं, बाई," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "माझं चुकलं. मी उगीच बोललो तुम्हाला. तुमचा तो ठराव मंजूर समजा, मी सह्या घेतो सगळ्यांच्या. आजच बसवा तुमचा ब्राउझर."

ते उठले, चप्पल घातली आणि जेवायला घरी गेले.

खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी फार आनंद झाला होता. दत्ताजीराव इंगवल्यांनी माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. मी डबा उघडला आणि चार घास जास्त जेवले. तांबोळीसाहेबांना फोन केला, या म्हटलं, ठराव मंजूर झाला. हात धुऊन टेबलावर आले आणि वही जागेवर ठेवायला उचलली. ती इंगवल्यांच्या बाजूला वळवलेली, तशीच उघडी होती. शेवटची ओळ वृषालीची. सव्वाअकरा ते पावणेबारा. त्याखाली काहीच नाही.

मी खुर्चीवर बसले ती बसलेच.

मी तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तीन वाजता तांबोळीसाहेब आले, मी त्यांना काहीएक सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, तो जुना ब्राउझर काढून टाका, माझ्या डोळ्यांसमोर काढा. त्यांनी नवा बसवला, जाहिराती बंद केल्या, खिडकी मिटली की सगळं पुसलं जाईल अशी सोय केली. मग मला मूळव्याधीचं औषध शोधायला लावलं, बंद करायला लावलं, परत उघडायला लावलं. पान स्वच्छ. जणू तिथं कधी कुणी बसलंच नव्हतं.

"झालं समाधान?" ते म्हणाले.

मी त्या जाहिरातवाल्यांना जन्मात दिल्या नाहीत एवढ्या शिव्या त्या दिवशी दिल्या. कोण कुठले लोक, कुठल्या देशात बसलेत, आमच्या गावातल्या पोरीच्या मनात काय चाललंय ते बघायचा यांना हक्क कुणी दिला? कुणाला विचारून टिपून ठेवलं? आम्ही काय बाजारात बांधलेली जनावरं आहोत, दात मोजायला? तांबोळीसाहेब म्हणाले, बाई, पहिल्याच दिवशी ते विचारतात, मान्य आहे का, आणि आपण मान्य म्हणून बटण दाबतो. दाबलं होतं ते मीच. पाहुण्याला नको कसं म्हणायचं, तसं मी ते दाबून टाकलं होतं.

यानंतर माझं नाव झालं. खरंच झालं. आमच्या वाचनालयात वाचकाची माहिती कुठंही राहत नाही हे तालुक्यात पसरलं, मग जिल्ह्यात. ग्रंथपालांच्या शिबिरांना मला बोलवायला लागले. मी उभी राहून सांगते, जाहिराती कशा पाळत ठेवतात, ब्राउझर कसा निवडावा, गुप्त आणि खासगी यांत काय फरक आहे. इंगवल्यांचं नाव न घेता त्या सोमवारची गोष्टही सांगते. एका मशीननं एका मुलीचं मन तिच्या सासऱ्यापुढं कसं उघडं केलं, हे सांगताना माझा आवाज अजूनही तापतो. बायका डोळे पुसतात, टाळ्या पडतात. मी तिथंच थांबते. पुढचं कधी कुणाला सांगितलेलं नाही.

मंगळवार गेला. बुधवार गेला. तिचा फोन बंदच. गुरुवारी मला राहवेना. सासूसाठी एक नवीन पुस्तक काढलं आणि इंगवल्यांच्या घरी गेले. मनात म्हटलं, आवाज चढलेले असतील, रडारड झाली असेल, तर मी मध्ये पडेन. दत्ताजीरावांना म्हणेन, ते मीच शोधलं होतं, माझ्या भाचीसाठी. खोटं बोलेन. सोमवारीच बोलायला पाहिजे होतं, ते गुरुवारी बोलेन.

घरात कसलाही आवाज नव्हता. सासू म्हणजे मालतीवहिनी ओट्यावर रवा चाळत होत्या. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा टाकला.

"वृषाली दिसत नाही?" मी विचारलं.

"वरती आहे. पूजेचं सामान काढतेय. उद्या सत्यनारायण ठेवलाय ना आम्ही."

"उद्या? मधेच?"

"ह्यांच्या मनात आलं सोमवारी. घरात आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, संग्रामला आणि सूनबाईला शुक्रवारी पूजेला बसवायचं. भटजींना फोन पण स्वतःच केला. वृषालीची आई आजारी होती म्हणे, शुक्रवारी माहेरी जाते म्हणत होती ती, तर ह्यांनी गाडी पाठवून त्यांनाच इकडं आणायची व्यवस्था केली. एवढं कोण करतं सुनेसाठी?" मालतीवहिनींच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. त्यांना काही माहीत नव्हतं. "पोरीचा फोन पण बिघडला होता, तो दुरुस्तीला दिलाय ह्यांनी. तुम्ही या हं उद्या प्रसादाला. दहाला पूजा आहे."

कुणी तिला मारलं नाही. कुणी कोंडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. तसं काही असतं तर मी गावभर आरडाओरडा केला असता, पोलिसांत गेले असते. पण सत्यनारायणाविरुद्ध तक्रार कुठं करतात? मी जी खोटी भाची तोंडात धरून आले होते ती तशीच गिळून चहा प्याले आणि परतले.

शुक्रवारी मी गेले. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. अंगणात मांडव, आत पन्नासएक माणसं. चौरंगाला केळीचे खुंट बांधलेले. संग्राम सोवळं नेसून बसला होता आणि त्याच्या उजव्या बाजूला वृषाली, हिरव्या शालूत, त्याच्या हाताला हात लावून. दत्ताजीराव दारात उभं राहून येणाऱ्याला नमस्कार करत होते. मला बघून म्हणाले, "या, बाई. तुमच्यामुळं आज घरात चांगलं कार्य होतंय." हसून म्हणाले. आजूबाजूच्यांना वाटलं, मोठेपणा देतायत.

भिंतीवर घड्याळ होतं. भटजी तिसरा अध्याय सांगत होते तेव्हा अकरा वाजले. वृषालीनं घड्याळाकडं बघितलं, आणि संग्रामच्या हातावरचा हात काढून मांडीवर ठेवला. भटजींनी खूण केली तेव्हा परत लावला.

आरती झाली. प्रसाद वाटायला यजमानीणबाईच लागतात. ती मोठं पातेलं घेऊन एकेकापुढं येत होती, द्रोणात शिरा घालत होती. मी भिंतीशी बसले होते. ती माझ्यापुढं वाकली. डोळे कोरडे होते. मी काहीतरी बोलायलाच पाहिजे होतं, आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"तो ब्राउझर काढून टाकला मी, वृषाली," मी हळू आवाजात म्हटलं. "त्याच दिवशी. आता नवीन बसवलाय. कुणी काय बघितलं ते अजिबात राहत नाही, लगेच पुसलं जातं. पुढं कुणाला काही कळायचं नाही."

"चांगला आहे काय?"

"फार चांगला आहे."

तिनं शिऱ्याचा चमचा भरून घेतला.

"आणि तुमच्या तोंडाला काय बसवलंय, बाई?"

माझ्या द्रोणात तिनं शिरा घातला. वर केळ्याची एक चकती आली होती, ती चमच्यानं नीट मधोमध ठेवली, आणि शेजारच्या बाईपुढं वाकली.

प्रसाद नको म्हणता येत नाही, टाकताही येत नाही. मी तो सगळा तिथं बसून खाल्ला.